एक रेघ, दोन रेघा

(दुपार. गॅरेजच्या पत्र्याखाली ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी, पुढचा एक दिवा फुटलेला, दोन्ही दारं सताड उघडी. गाडी शिकवणाऱ्या बाई, गॅरेजवाला मिस्त्री. थोड्या वेळानं शाळेचे मालक, म्हणजे बाईंचे धाकटे दीर.)

बाई: चहा नको म्हणून तिसऱ्यांदा सांगतेय. उजेडाला बॅटरी घे आणि वाक खाली.

मिस्त्री: बाई, आधी दिवा बसवून टाकतो ना. दिवा आलाय, बंपर ठोकून सरळ केलाय. तासाभरात गाडी तुमच्या दारात उभी करतो. तुम्ही कशाला एवढ्या उन्हात आलात?

बाई: दिव्यानं गाडी थांबते का रे?

मिस्त्री: नाही, थांबते ती ब्रेकनं, पण...

बाई: मग ब्रेक बघू. शिकणाऱ्याच्या बाजूला तीन पेडलं, माझ्या बाजूला दोन. पाच पेडलांची पाच रबरं. एकेक काढून बघायचीत. माझ्यासमोर.

मिस्त्री: काढून? अहो, रबरात काय बघायचंय? नळी, ऑइल, चाकं, सगळं मी त्याच दिवशी तपासलं. मालकांना तसं सांगितलंयसुद्धा. ब्रेक एकदम ओके.

बाई: तेच तर. ब्रेक ओके, गाडी ओके, आणि गाडी पोस्टाच्या भिंतीवर. मग ओके कोण नव्हतं? मी. असंच ठरलंय ना तुमचं दोघांचं?

मिस्त्री: मी कुठं काय ठरवलं? मी आपला दिवसभर पान्याशी बोलणारा माणूस.

बाई: पान्याशी बोल नाहीतर माझ्याशी बोल, पण खाली वाकून बोल.

मिस्त्री: मालकांना माहीत आहे का, तुम्ही इथं आलात ते?

बाई: भाऊजींना विचारून श्वास घेते का मी? माझ्या नवऱ्यानं काढलेली शाळा आहे ही. ते गेले, दिराच्या नावावर झाली, म्हणून मी काय टपावरची पाटी आहे, काढली आणि ठेवली कोपऱ्यात? येतीलच ते आता. कागद घेऊन येणार आहेत.

मिस्त्री: कसला कागद?

बाई: माझ्या खुशीचा. 'प्रकृतीच्या कारणास्तव मी स्वखुशीनं शिकवणं थांबवत आहे.' माझी खुशी त्यांनी टाइप करून आणलीय. सहीपुरती जागा तेवढी माझ्यासाठी मोकळी ठेवलीय.

मिस्त्री: अरे देवा. थांबवत म्हणजे, कायमचं?

बाई: कायमचं. मग मी ऑफिसात बसायचं आणि फोन उचलून 'सकाळची बॅच भरली' म्हणून सांगायचं. सव्वीस वर्षं ह्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून मी लोकांना रस्त्यावर आणलं, आणि आता फोन उचलू?

मिस्त्री: सही करणार तुम्ही?

बाई: ही पेडलं बघितल्याशिवाय? मेले तरी नाही. माझा पाय घसरला, बरोबर? मग तो कशावरून घसरला ते आधी कळू दे. पाय घसरला म्हणजे दोष पायाचाच, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

मिस्त्री: बाई, झालं ते झालं. भिंतीला काही झालं नाही, देवाची कृपा.

बाई: भिंतीला नाही झालं. शिंपीणबाईंच्या मनगटाला झालं. पन्नाशीची बाई, जन्मभर शिलाई मशीन पायानं चालवलेलं. पायाला अशी लय, की क्लच कसा सोडायचा हे मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. अठराव्या दिवशी वळणावर समोरून सायकल आली, बिचारीनं घाबरून ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर दाबला. एकदा सगळेच दाबतात. तूही दाबला होतास.

मिस्त्री: दाबला होता. कबूल. जगाच्या गाड्या दुरुस्त करायचो आणि मला गियर टाकता येत नव्हता, सगळे हसायचे. तुम्ही शिकवलंत.

बाई: तेव्हा मी ब्रेक दाबला होता?

मिस्त्री: छे. 'उचल पाय' म्हणून असं ओरडलात, की मी दोन्ही पाय उचलले. मांडीच घातली सीटवर.

बाई: बघ. माझं शिकवणं तोंडानं. पाय पेडलावर असतो, पण तो दाबायला नाही, नुसता असायला. मीच ब्रेक मारत राहिले तर त्यांचा पाय शिकणार कधी? सव्वीस वर्षांत सात वेळा दाबलाय मी तो. सातही वेळा गाडी जागच्या जागी थांबली. आठव्या वेळी पाय सटकन घसरला. आणि तुम्ही म्हणताय, म्हातारी झाली.

मिस्त्री: मी नाही म्हटलं हो तसं.

बाई: मग वाक. का गुडघे दुखतात? सरक, मीच वाकते.

मिस्त्री: अहो, अहो, साडीला ग्रीस लागेल. थांबा, पोतं टाकतो. हं. हा बघा, शिकणाऱ्याच्या बाजूचा ॲक्सिलरेटर. ठीक आहे.

बाई: ठीक काय? टाचेकडून गेलाय बघ. नवीन माणूस पाय पेडलावर ठेवत नाही, हवेत धरतो आणि मग आपटतो. क्लच दाखव.

मिस्त्री: क्लचची डावी कड थोडी खाल्लीय.

बाई: खाणारच. सगळे पाय तिरका ठेवून बसतात, घरच्या पायरीवर बसल्यासारखे. ब्रेक?

मिस्त्री: ब्रेकचं बदललंय ना आपण. तुम्हीच म्हणाला होतात महिन्यापूर्वी, गुळगुळीत झालंय, बदल. तेव्हाच बदललं. ते बघायला नको.

बाई: बॅटरी इकडे धर. उजेड भलतीकडेच का पाडतोयस?

मिस्त्री: बॅटरी जड आहे.

बाई: बॅटरी जड? तू एका हातानं गियरबॉक्स उचलतोस. मला बोट लावू दे. हं, कडा धारदार आहेत. रबरावरच्या पट्ट्या झिजलेल्या नाहीत. पण मिस्त्री, नवं रबर काळं कुळकुळीत असतं. हे राखाडी पडलंय. नवं रबर महिन्यात असं विटतं?

मिस्त्री: हल्लीचा माल तसाच येतो. काय सांगायचं, पूर्वीसारखं काही राहिलं नाही.

बाई: आणि वास कुठाय? नव्या रबराचा वास चार महिने जात नाही. मला उलटी यायची त्या वासानं, ह्यांना माहीत होतं.

मिस्त्री: मालक आले बघा! या मालक, या. बाई इथंच आहेत. तुम्ही आधी बोलून घ्या दोघं, मी तोवर दिवा बसवतो.

मालक: वहिनी! मी घरी जाऊन आलो. दाराला कुलूप. तुम्ही जमिनीवर काय बसलात? उठा आधी.

बाई: उठायला सवड नाही, भाऊजी. मिस्त्री, तू कुठं निघालास? बस इथंच.

मालक: काय चाललंय हे?

बाई: रबरं बघतोय. पेडलांची.

मालक: रबरं? वहिनी, मी ऑफिसमध्ये चार माणसांना थांबवून आलोय. हे बघा, कागद आणलाय. मी एकही शब्द वावगा लिहिलेला नाही. सन्मानानं लिहिलंय. पुढच्या महिन्यात छोटासा समारंभ करू, सगळे जुने विद्यार्थी बोलावू.

बाई: माझ्या निरोपाचा हार पण आणला असाल.

मालक: तुम्ही प्रत्येक गोष्ट उलटी घेता. प्रॅक्टिकली विचार करा. तुम्हाला साखर आहे. डॉक्टर दोन वर्षांपूर्वीच म्हणाले होते, पायाची जाणीव कमी होऊ शकते, जपा. आणि तुम्ही अनवाणी शिकवता!

बाई: साखर रक्तात आहे, अकलेत नाही. आणि अनवाणी मी साखर नव्हती तेव्हापासून शिकवते. चपलेतून काय कळणार? तळव्याला गाडी कळते. शिकणाऱ्यानं पाय कसा उचलला, कुठं चाचपडला, सगळं पेडलं जोडणाऱ्या दांड्यातून माझ्या पायाशी येतं.

मालक: येत होतं. त्या दिवशी नाही आलं. माणूस जखमी झाला, वहिनी. उद्या कोणी जिवानिशी गेलं तर लोक शाळेच्या तोंडाला काळं फासतील. तीस वर्षांचं नाव आहे. दादा असता तर त्यानं हेच केलं असतं.

बाई: ते असते तर आधी गाडीखाली शिरले असते. गाडी बघून झाल्यावर मग माझ्याकडे बघितलं असतं. तुम्ही सरळ माझ्याकडेच बघितलंत.

मालक: मिस्त्रीनं गाडी तपासलीय. सगळं ठीक आहे. हो ना रे?

मिस्त्री: हो. म्हणजे, हो.

बाई: हो म्हणजे हो, की हो म्हणजे 'म्हणजे'?

मालक: त्याला कशाला कोर्टात उभं केल्यासारखं करताय?

बाई: कोणाला तरी करायलाच हवं ना. आठ दिवस मला केलंयत, मी तक्रार केली? मिस्त्री, स्क्रूड्रायव्हर घे. हे ब्रेकचं रबर काढ.

मिस्त्री: बाई, ते फाटेल काढताना.

बाई: फाटू दे. दुसरं घाल.

मिस्त्री: बाई...

बाई: काढ म्हटलं ना. का मी नखानं काढू?

मालक: काढ बाबा, काढ. त्यांचं समाधान होऊ दे. मग सही करतील तरी.

मिस्त्री: काढतो. कोपऱ्यातून उचकटावं लागतं... हं. सुटलं.

बाई: आता उलटं कर. आतली बाजू वर. भाऊजी, या इकडे, वाका जरा, पँटीला काही होत नाही. काय दिसतंय?

मालक: काय दिसणार? रबर. त्यावर पांढऱ्या रंगाच्या रेघा.

बाई: किती?

मालक: दोन. त्याचं काय?

बाई: ते मिस्त्रीला विचारा.

मालक: काय रे? कसल्या रेघा?

मिस्त्री: माझीच खूण आहे. तुमच्या दादांनी लावलेली सवय. स्कूलच्या गाडीला दोन्हीकडे एकाच मापाची रबरं लागतात, काढली की मिसळतात. दादा म्हणाले होते, आतून रंगानं खूण करत जा. शिकणाऱ्याच्या बाजूला एक रेघ, शिकवणाऱ्याच्या बाजूला दोन.

मालक: मग दोन रेघांचं शिकणाऱ्याच्या पेडलावर कसं?

बाई: आत्ता कुठं योग्य प्रश्न विचारलात, भाऊजी. आता माझ्या बाजूला चला. मिस्त्री, बॅटरी. हं, धर. बोट लावा, भाऊजी. असं नाही, अंगठा दाबून फिरवा.

मालक: गुळगुळीत आहे.

बाई: काचेसारखं. मधोमध लोखंड दिसतंय. सव्वीस वर्षांत सात वेळा दाबलेलं रबर असं झिजतं का? हे माझं रबर नाही. काढ रे. आत एक रेघ नसली, तर त्या कागदावर मी सही करते, आणि वर अंगठाही उठवते.

मिस्त्री: काढायला नको, बाई.

बाई: का?

मिस्त्री: एकच रेघ आहे. मीच लावलंय ते.

मालक: काय?

मिस्त्री: मीच. महिन्यापूर्वी, आरटीओच्या पासिंगच्या आदल्या दिवशी. बाईंनी सांगितलं होतं म्हणून शिकणाऱ्याचं रबर बदलायला काढलं. नवं मिळेना. जुनं मॉडेल आहे, दुकानदार म्हणाला, मागवावं लागेल, पंधरा दिवस तरी लागतील. पासिंगचा साहेब गाडी चालवून बघणार शिकणाऱ्याच्या सीटवर बसून. मी मालकांना फोन केला.

मालक: मला?

मिस्त्री: तुम्हीच म्हणालात, 'उद्याची तारीख चुकली तर पुन्हा दोन महिने मिळायची नाही, कसंही कर पण गाडी पास झाली पाहिजे.' मग मी बघितलं, बाईंच्या बाजूचं रबर कोरं करकरीत. म्हटलं, बाई तर ब्रेक दाबतच नाहीत. सगळ्या गावाला माहीत आहे, बाई दाबत नाहीत. चार दिवस इकडचं तिकडं केलं तर कुठं बिघडतं? नवी आली की घालू. वेळ मारून नेली मी.

मालक: आणि नवी आली नाहीत?

मिस्त्री: आली. ती बघा, त्या फळीवर, पिवळ्या खोक्यात. आपटायच्या आधी सहा दिवस आली. गाडी इकडे आली नाही, मी पण विसरलो. त्या दिवशी टोचन लावून गाडी ओढत आणली, दार उघडलं आणि पेडलाकडे नजर गेली. तसंच दार लावून घेतलं मी. बाई, आठ दिवस मी खोकं उचलून त्याच जागी ठेवतोय. सांगायचं धाडस होईना.

मालक: अरे माणसा! तू हे मला पहिल्या दिवशी सांगायचंस! मी इथं कागद टाइप करून हिंडतोय, वहिनींशी वाईट झालो, आणि तू 'ओके, ओके' करत बसलास? उद्यापासून शाळेची एकही गाडी ह्या दारात येणार नाही. लेखी दे मला, तुझी चूक म्हणून.

बाई: द्यायचं ते दोघांनी मिळून द्या.

मालक: दोघांनी? मी काय केलं?

बाई: 'कसंही कर.' हे कोणाचे शब्द?

मालक: वहिनी, बोलण्याची एक पद्धत असते ती. त्याचा अर्थ ब्रेकशी खेळ, असा होतो का?

बाई: मिस्त्रीच्या कानात तोच झाला. हात झटकू नका, भाऊजी. त्यानं शेण खाल्लं, ताट तुम्ही वाढलंत. आठ दिवस खापर माझ्या डोक्यावर फोडत होतात, ते आता उचलून त्याच्या डोक्यावर फोडताय. खापर तेच. तुमच्या डोक्यालाही थोडं लागू दे.

मालक: तुम्ही त्याची बाजू घेताय?

बाई: बाजूबिजू नाही. त्याच्यावर एवढी चिडलेय, की पाना हातात घेऊन मागे लागावंसं वाटतंय. काय रे, बाई दाबत नाहीत म्हणून बाईंना टकलं रबर? अरे, मी रोज दाबत असते तर चार दिवसांत ओरडले असते. जी गोष्ट चार वर्षांत एकदा लागते ती चोख पाहिजे, हे गॅरेजवाल्याला मी सांगू?

मिस्त्री: चुकलो, बाई. काय म्हणाल ती शिक्षा.

बाई: शिक्षा नंतर. डोळे पूस आधी. ग्रीसचा हात लावू नकोस डोळ्याला, गाढवा.

मालक: वहिनी, मी... माझं ऐकाल एक मिनिट? त्या दिवशी फोन आला, 'तुमच्या वहिनींच्या गाडीला अपघात.' पुढचं मला ऐकूच आलं नाही. पोस्टापर्यंत धावत आलो, गाडी असून. दादाच्या वेळी फोन आला होता तो असाच, वाक्यसुद्धा तेच. मला वाटलं, आता तुम्हाला त्या सीटवर बसू द्यायचंच नाही. काहीही झालं तरी. साखरेचं निमित्त सापडलं, मी धरून बसलो.

बाई: मग हे लिहायचं होतंत कागदावर. 'मला भीती वाटते.' वाचून रडले असते मी. 'स्वखुशीनं' वाचून संताप झाला.

मालक: कसं लिहिणार असं?

बाई: हं. न लिहिण्यात मी तरी कुठं कमी आहे? मिस्त्री, तू पण ऐक, कारण ह्यात थोडी माझीही चूक आहे आणि ती मी कोणाला सांगितली नाही. पासिंगहून गाडी आली, दुसऱ्या दिवशी मी चप्पल काढून पाय ठेवला, तेव्हाच तळव्याला गुळगुळीत लागलं.

मिस्त्री: मग सांगितलं का नाहीत?

बाई: कारण मला वाटलं, पेडल तेच आहे, पाय बदललाय. डॉक्टरांचं बोलणं डोक्यात. म्हटलं, आली वेळ, आता पायाला पट्ट्या कळेनाशा झाल्या. कोणाला सांगणार? सांगितलं की सीट गेली. तीन आठवडे मी ओठ मिटून शिकवलं. पायानं मला खरं सांगितलं होतं, मीच त्याला खोटं ठरवलं. शिंपीणबाईंच्या मनगटात माझा एवढा वाटा आहे.

मालक: वहिनी...

बाई: आणि भिंतीवर आपटल्यापासून तर विचारू नका. आठ दिवस घरात दार लावून मी काय करते माहीत आहे? जमिनीवर बटण, किल्ली, काडी, नाणं टाकते, डोळे मिटते आणि पायानं ओळखते. बटण की नाणं? किल्ली की काडी? बरोबर आलं तर वाटतं, नशिबानं आलं असेल. परत टाकते. वेड लागायची पाळी आली होती.

मालक: आणि ओळखता येतं?

बाई: येतं. पण घरात बसून काय कळतंय? म्हणून आले इथं. सही करायची की नाही हे मला माझ्या पायाला विचारायचं होतं, तुमच्या टाइपरायटरला नाही. मिस्त्री, ते खोकं आण.

मिस्त्री: हे घ्या.

बाई: मी नको, तूच घाल. माझ्या बाजूचं ब्रेकचं आधी. आणि दोन रेघा ओढल्याशिवाय घालू नकोस.

मिस्त्री: रंग हा इथंच आहे. एक... दोन. सुकू द्या जरा.

बाई: तोवर जुनं काढ. पेडल घास. गंज आहे का बघ.

मिस्त्री: थोडासा आहे. पॉलिश पेपर मारतो. झालं. आता साबणाचं पाणी लावतो, म्हणजे रबर सरकन चढतं. खालची कड आधी... वरची ओढून... बोटं भाजतात ह्या कामात. हं, चढलं. चारही कोपरे बसले. ओढून बघा, मालक.

मालक: मी?

बाई: तुम्हीच. ह्यापुढे पासिंगच्या आधी प्रत्येक गाडीचं ओढून बघायचं, म्हणजे 'कसंही कर' तोंडात येणार नाही.

मालक: घट्ट आहे. हलत नाही.

मिस्त्री: साबण पुसायला हवा, नाहीतर ओला पाय... थांबा, माझी फडकी सगळी तेलकट. तेल लागलं तर होतं त्याहून वाईट.

बाई: भाऊजी, तुमचा कागद द्या.

मालक: कुठला?

बाई: माझ्या खुशीचा.

मालक: ...घ्या.

बाई: जाड आहे. चांगला पाणी पितोय. मिस्त्री, कडेनं पण पूस. सहीची जागा कोरडी आहे बघ अजून, तिथून पूस.

मालक: वहिनी, उद्या सकाळच्या बॅचला चार जण आहेत. मी दुसरा शिकवणारा सांगून ठेवला होता. त्याला नको म्हणतो.

बाई: उद्या सकाळी बॅच नाही. उद्या सकाळी आपण तिघं शिंपीणबाईंकडे जायचंय. त्यांना वाटतंय, त्यांच्या हातून घडलं म्हणून माझं काम गेलं. त्यांनी शिकणं सोडलं, काल निरोप आला. तुम्ही दोघांनी त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं, काय झालं ते. रबराचं, फोनचं, सगळं. मी माझं सांगेन. प्लॅस्टर निघालं की त्या ह्याच गाडीवर शिकतील, आणि त्यांची इच्छा असेल तर माझ्याच शेजारी बसून.

मालक: आणि पाय? तुमचा पाय तपासायला...

बाई: परवा जाणार आहे डॉक्टरांकडे. वेळ घेतलीय मी, तुम्ही सांगायच्या आधी. ते नको म्हणाले तर त्याच दिवशी मी सीट सोडेन, कागद माझ्या अक्षरात असेल आणि त्यात 'स्वखुशीनं' हा शब्द नसेल. ते हो म्हणाले, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. पटतंय?

मालक: पटतंय.

बाई: मोठ्यानं.

मालक: पटतंय, वहिनी.

मिस्त्री: बाई, कोरडं झालं. बसून बघा. चप्पल?

बाई: केव्हाची काढलीय. सरका दोघं. दार ओढू नका, उजेड राहू दे. हं. आता कोणी बोलू नका.

मिस्त्री: दाबा ना. कचकन दाबा, काही होत नाही.

बाई: बोलू नका म्हटलं ना.

मालक: वहिनी? डोळे का मिटलेत? बरं वाटत नाहीये का? वहिनी!

बाई: मोजतेय.

मालक: काय मोजताय?

बाई: पट्ट्या. अंगठ्यानं, वरून खाली. मी रबराकडे बघितलेलं नाही, तुम्ही दोघं साक्षीला आहात. सहा आहेत.

मालक: मिस्त्री, किती आहेत?

मिस्त्री: थांबा, जोडीचं दुसरं हातातच आहे माझ्या. एक, दोन, तीन... चार... पाच... सहा. बाई, सहाच आहेत.

बाई: मग आता दिवा बसव.